उजवीकडचं धुकं

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मला कळलं की माझी चित्रं मी काढलेलीच नाहीत. पत्रात तसं लिहिलं होतं, आणि तेही अगदी नम्रपणे. 'आपण सादर केलेली दहा चित्रं तपासली असता त्यांतला सत्त्याऐंशी टक्के भाग मशीनने तयार केलेला असल्याचं आढळलं. सबब या फेरीत आपल्या अर्जाचा विचार करता येत नाही. आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.' आधी मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी पत्र चुकून माझ्याकडे आलंय. वर नाव पाहिलं. माझंच होतं. मग तिसऱ्यांदा वाचताना कान गरम झाले. दुकानातून बाहेर पडताना स्वतःचीच पिशवी उघडून दाखवायला सांगावं आणि सगळ्यांनी वळून पाहावं, तसं झालं. समोरच्या टेबलावरची टकळी मान वर करायच्या आत मी ते पत्र झाकून टाकलं आणि कपातला उरलेला चहा प्यायले. तो गार होऊन त्यावर साय आली होती, तरी प्यायले.

टकळी म्हणजे आमच्याकडची सव्वीस वर्षांची मुलगी. हात भराभर चालतो आणि तोंड त्याच्याही पुढे, म्हणून सगळे तिला टकळी म्हणतात. तिलाही ते आवडतं. आमची कचेरी लहान मुलांच्या धड्यांच्या फिल्म बनवते. ससा, मुंगी, ढग, शाळेत जाणारी बहीण-भावंडं हे सगळं इतर लोक करतात. मी मागचं करते. म्हणजे ससा ज्या रानातून पळतो ते रान, भावंडं ज्या गल्लीतून शाळेत जातात ती गल्ली. अठरा वर्षं झाली. माझ्या गल्ल्यांतून किती पोरं शाळेत गेली असतील याचा हिशोब नाही, आणि त्यातल्या एकानेही मागे वळून गल्लीकडे पाहिलं नसेल. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. मागे राहायची मला हौसच आहे, असं दादा म्हणतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायचं असतंच.

गेल्या वर्षी मशीन आलं. त्याला मोठं लांबलचक नाव आहे, पण सगळे मशीनच म्हणतात. त्याला सांगायचं, 'संध्याकाळची गल्ली, डावीकडे शिंप्याचं दुकान,' की ते चार गल्ल्या समोर ठेवतं, त्यातली एक निवडायची. आम्ही चित्रकार तेवीस. लायसन्स आली सात. कुणाला द्यायची? तर ज्यांचे कॉम्प्युटर नवे, त्यांना, कारण जुन्या कॉम्प्युटरवर ते चालतच नाही. आणि नवे कॉम्प्युटर कुणाकडे? तर जे सगळ्यात शेवटी कामाला लागले त्यांच्याकडे, कारण ते आले तेव्हा खरेदी झाली. यात कुणाचा कट नव्हता. कट असता तर भांडायला तरी बरं पडलं असतं. उरलेल्या आम्हा सोळा जणांना मिळाली सफाई. मशीनच्या चित्रात एखाद्या हाताला सहा बोटं आली, जिना भिंतीतच संपला, की ते आम्ही दुरुस्त करायचं. मग गेल्या महिन्यात सांगितलं की तीन महिन्यांनी सफाई विभागच बंद, कारण मशीन सुधारतंय. आणि त्याच सूचनेत खाली होतं की 'सर्वांसाठी खुलं' या योजनेत आणखी तीन लायसन्स आणि तीन कॉम्प्युटर येतील. अर्ज करा, स्वतःच्या हातची दहा जुनी चित्रं जोडा. त्रेपन्नाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण उभं करणार होतं? मी अर्ज केला. शाळेत पहिल्यांदा हजेरी द्यावी तशी धडधड झाली होती, खोटं कशाला बोलू.

आता ते सत्त्याऐंशी टक्के कुठून आले, हे मला लगेच कळलं. टकळीला कळलं नसतं, विभागप्रमुख मॅडमना कळलं नसतं, फक्त मला कळलं. मशीनला एक खोड आहे. ते चित्राच्या उजव्या कडेला धुकं सोडतं. रान असो, गल्ली असो, भर दुपारचं मैदान असो, उजवीकडे दोन बोटं जागा पांढुरकी. "ताई, हे बघा, परत!" टकळी दिवसातून दहादा ओरडते. "स्वयंपाकघरात धुकं! बाई जळली की काय आत?" मग ती चित्राखालचं 'चूक' हे बटण दाबते. प्रत्येक चित्राखाली दोन बटणं असतात, 'बरोबर' आणि 'चूक', आणि ते दाबून दाबून मशीनला वळण लावायचं असतं. ही सात जणं अकरा महिने 'चूक' दाबतायत. आणि तोवर ते धुकं पुसायचं काम सफाईकडे, म्हणजे माझ्याकडे. अकरा महिने मी ते पुसतेय आणि अकरा महिने गप्प आहे, कारण ते धुकं माझं आहे. कसं सांगणार? अंगावरचा डाग आरशात दिसावा आणि लोकांनी म्हणावं आरसा खराब आहे, तेव्हा माणूस गप्पच बसतं.

ते आलं पाटीपासून. बाबा एका उंच इमारतीत लिफ्ट चालवायचे. चौथ्या मजल्यावर आराखडे काढणारी एक कंपनी होती, ती उठली तेव्हा त्यांनी बरंच सामान जिन्यात फेकायला काढलं. त्यात पेनने चित्र काढायची ती काळी पाटी होती; पाटीवर पेन फिरवलं की कॉम्प्युटरच्या पडद्यावर रेघ उमटते, ती. तशी वस्तू तेव्हा आमच्या ओळखीत कुणाकडे असणं शक्यच नव्हतं. मी चित्रकलेची परीक्षा पास होऊन कितीतरी वर्षं घरी बसले होते, आणि जिथे जाईन तिथे विचारायचे, "पाटीवर काम येतं का?" येतं म्हणायला आधी ती दिसायला तरी हवी. बाबांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून आणली आणि म्हणाले, "घे. खालच्या वॉचमनला विचारून घेतलीय, चोरीची नाही." दादाने मित्राचा मोडका कॉम्प्युटर आणून जोडून दिला. पाटी चालली. फक्त उजव्या कडेची दोन बोटं पट्टी मेलेली होती. तिथे पेन नेलं की पडद्यावर काहीच उमटायचं नाही. पडद्यावरचा कागद सरकवून घेता येतो, हे मला पुढे कळलं, पण त्या कॉम्प्युटरवर कागद सरकवला की तो बंदच पडायचा आणि सगळं काम पाण्यात. म्हणून मी जेवढं हाताला येईल तेवढं काढायची आणि राहिलेली पांढरी पट्टी माऊसने भरायची. माऊसने रेघ कसली येतेय! येतो फक्त मोठा मऊ ब्रश. त्याने राखाडी फिरवलं की झालं धुकं.

पहिलं चित्र मी घराचंच काढलं, एका रविवारी सकाळी. बाबांना घडीची खुर्ची दिली आणि दाराजवळ बसवलं, खोलीच्या उजव्या अंगाला. मी डावीकडून सुरुवात केली. फळी, फळीवरचे डबे, खिडकी, टेबल, टेबलाखालची ट्रंक. बाबा हलले नाहीत. लिफ्टमध्ये बसून बसून त्यांना न हलण्याची सवय होती. मधून मधून विचारायचे, "झालं का गं?" मी म्हणायची, "होतंय, होतंय." आणि मग मी त्यांच्यापर्यंत पोचले आणि पेन थांबलं. पुन्हा घासलं, पुसलं, फुंकर मारली. काही नाही. तासाहून जास्त वेळ तो माणूस ताठ बसला होता, आणि त्यानेच आणलेल्या पाटीवर त्याला यायला जागा नव्हती, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू? मी म्हटलं, "झालं." आणि माऊस घेऊन त्यांच्या जागी धुकं घातलं. ते उठून मागे आले, पाठीवर हात ठेवून बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. "मी कुठाय?" "धुक्यात आहात." त्यावर त्यांनी हनुवटीवरून हात फिरवला. "बरं झालं," म्हणाले, "दाढी वाढली होती." दुसऱ्या दिवसापासून लिफ्टमधल्या प्रत्येकाला सांगत सुटले की पोरीने मला धुक्यात काढलंय. तळमजला ते नववा, जाताना आणि येताना.

त्याच चित्रावर मला ही नोकरी लागली. तेव्हाचे साहेब म्हणाले, "हे धुकं काय छान आहे हो! नजर डावीकडे धरून ठेवतं." मी मान डोलावली. आणखी काय करणार? इथे धड पाटी मिळाली, अख्खी चालणारी, तरी उजवी कड आली की माझा हात आपोआप मऊ ब्रशकडे जायचा. आधी सवय होती, मग लोक मागायला लागले. ससा धुक्यातून यायचा, भावंडं धुक्यात जायची. पोरांना आवडायचं म्हणे. नव्या आलेल्यांना शिकवायची वेळ आली तेव्हा मीच त्यांना शिकवलं. आज विभागप्रमुख झालेल्या मॅडमना मऊ ब्रश धरायला मी शिकवलंय. मग दोन वर्षांपूर्वी एक परिपत्रक फिरलं की आपला जुना चित्रसंग्रह एका चांगल्या कामासाठी वापरायचा आहे, सगळ्यांनी सही करा. मी केली. जेवायची वेळ झाली होती, रांगेत माझ्या मागे चारजण होते, आणि चांगल्या कामाला नाही कशाला म्हणायचं? अठरा वर्षांचा संग्रह, त्यातली निम्म्याहून जास्त मागची चित्रं माझी. मशीनने ती सगळी खाल्ली. जे खाल्लं तेच बोलतंय बिचारं.

घरी गेल्यावर मी कपाटावरून पाटी काढली. धूळ झटकताना शिंका आल्या. दुसऱ्या दिवशी ती पिशवीत घालून मॅडमच्या खोलीत गेले. मॅडम माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण डोळ्यांखाली माझ्याइतकंच काळं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. पाटी हातात घेतली, उजव्या कडेवर नखाने रेघ ओढली, जणू आता काही उमटणार आहे. "म्हणजे ताई, हे आपण एवढे दिवस पुसतोय, ते तुमचं?"

"माझं नाही, पाटीचं," मी म्हटलं. "पण मशीनने माझ्याकडून घेतलं, मी मशीनकडून नाही. तारखा बघा ना. त्या खोलीच्या चित्राच्या वेळी मशीन होतं कुठे?"

"मला पटतंय हो. मला सांगायची गरज आहे का?" त्यांनी डोळे चोळले. "पण अर्ज माझ्याकडे येतच नाहीत. आकडा येतो. पन्नासच्या वर आकडा आला की ते पानच उघडत नाही."

"मग कुणाशी बोलू?"

"कुणाशीच नाही. तपासणारंही मशीनच आहे." मग थोडं पुढे वाकून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताई, रागावू नका, एक सांगते. शुक्रवारपर्यंत परत अर्ज करता येतो. एकदाच. तीच चित्रं द्या. फक्त धुकं काढून टाका. नाहीतरी तुम्ही रोज काढताच की."

मला हसूच आलं. म्हटलं, "काढते की." पाटी पुन्हा पिशवीत घातली. दार लोटताना मागून त्या म्हणाल्या, "तो ब्रश तुम्ही मला शिकवला होता, ताई," आणि मी नुसतीच मान हलवली. बाहेर टकळी म्हणाली, "काय ताई, बॉम्ब आणलाय का पिशवीत?" मी म्हटलं, "हो, तुझ्यासाठी."

गुरुवारी सुट्टी टाकली आणि सकाळपासून घरी बसले. खिडकीतून ऊन येत होतं, खालच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीत खिळे ठोकत होतं. धुकं पुसणं म्हणजे माझ्या हातचा मळ. पण मशीनच्या धुक्यामागे काय घालायचं ते सांगणारा कागद सोबत येतो, इथे भिंत, इथे झाड. माझ्या धुक्यामागे काहीच नव्हतं. पुसलं की कोरा कागद. रानाच्या उजवीकडे काय होतं? गल्ली पुढे कुठे जात होती? मी कधी विचारच केला नव्हता. आता त्रेपन्नाव्या वर्षी घाईघाईने गल्ल्या संपवायला बसले होते. एका गल्लीच्या टोकाला पंक्चरचं दुकान ठेवलं, रानाला एक ओढा दिला, मैदानाला कुंपण. एकातही राम नव्हता. दुपारपर्यंत नऊ झाली आणि दहावं उरलं, घराचं.

ते पुसलं. फळी, डबे, खिडकी, टेबल, ट्रंक आणि मग पांढरं. घडीची खुर्ची काढली, ती जमली. मग त्यात बाबा काढायला गेले तर हात चालेना. आताची पाटी चांगली होती, पेन चांगलं होतं, कड अख्खी जिवंत होती, आणि माझ्याकडेच काही नव्हतं. बसल्यावर हात मांडीवर ठेवायचे की घडी घालून? चष्मा तेव्हा होता का? काढला तो कुणीतरी म्हातारा झाला. पुन्हा काढला, दुसरा कुणीतरी म्हातारा. शेवटी दादाला फोन लावला.

"दादा, बाबा खुर्चीत कसे बसायचे रे?"

"बाबा? खुर्चीत?" दादा म्हणाला. "ते घरी कधी बसायचे? दिवसभर स्टुलावर बसून त्यांना वीट आलेला असायचा. घरात आले की उभेच. चहासुद्धा उभ्याने. का गं? काय झालं?"

"काही नाही. चित्राला हवं होतं."

"मग उभे काढ ना."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. म्हणजे बाबा बसले ते तेवढेच, त्या रविवारी, माझ्यासाठी. तासाहून जास्त वेळ. ते बसलेले पाहणारी जगात मी एकटी, आणि त्या अख्ख्या वेळात मी डबे बघत होते, फळी बघत होते, म्हटलं त्यांच्याकडे शेवटी येऊ. मला फार रडू आलं. खिळे ठोकणारा थांबला होता, म्हणून तोंडावर पदर धरला. मग डोळे धुतले, दोन्ही म्हातारे पुसले, खुर्ची तेवढी रिकामी ठेवली आणि दहाही चित्रं पाठवून दिली.

शुक्रवारी उत्तर आलं. 'मशीनने केलेला भाग : चार टक्के. अभिनंदन.' त्यात माझं काय होतं आणि कुणाचं अभिनंदन होतं, विचारू नये. सोमवारी माझ्या टेबलावर नवा कॉम्प्युटर आला. लोक येऊन पाठीवर थाप मारून गेले. सफाईतल्या माझ्या शेजाऱ्याने लांबूनच हात केला. त्याचा आकडा एकसष्ट आला होता. त्याने अठरा वर्षं ससे केलेत, आणि मशीनचे ससे कसे असतात हे मला माहीत आहे. मी उठून त्याच्यापाशी जायला हवं होतं. बसून राहिले.

टकळी खुर्ची ओढून माझ्या शेजारी आली. "सांगा काहीतरी त्याला, ताई! पहिलं चित्र आहे तुमचं. काहीही सांगा." पडद्यावर चौकट उघडी होती. अकरा महिने मी याच्या मागून झाडू मारत आले होते आणि आता ते माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी दोन बोटांनी टाइप केलं. 'घरातली खोली. सकाळ. डावीकडे फळी, डबे, खिडकी. उजवीकडे, दाराजवळ, घडीच्या खुर्चीत एक माणूस बसला आहे.'

चार खोल्या आल्या. पहिल्या तिन्हींत धडधाकट म्हातारे बसले होते, हात मांडीवर, स्वच्छ दाढी केलेले, कुणाचे तरी कोण. चौथीत फळी होती, डबे होते, खिडकीतून ऊन टेबलापर्यंत आलं होतं. आणि पुढे, दाराजवळ, दोन बोटं रुंदीचं धुकं. खुर्चीचा एक पाय तेवढा त्यातून बाहेर आला होता. मी पुढे वाकले. बाबा, मी मनात म्हटलं, अहो, तुम्ही इथे आहात होय.

"शी! परत धुकं," टकळी म्हणाली. "माणूसच गिळला बघा. ताई, 'चूक' दाबा. तिथे, खाली. आता सुधारतच आलंय ते, अजून थोडे दिवस दाबलं की जाईल कायमचं."

मला माहीत होतं की आम्ही आता दहा जण झालो आणि नऊ जण दिवसभर 'चूक' दाबणार. माझ्या एका बोटाने काय अडणार होतं? मी माऊस खाली नेला. दोन्ही बटणं शेजारीशेजारीच असतात.

"अहो ताई! 'बरोबर' दाबलंत तुम्ही!"

"हो," मी म्हटलं. "दाढी वाढली होती त्यांची."

टकळी माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा तीच ओळ टाइप केली आणि पुढच्या चार खोल्या येण्याची वाट बघत बसले.